सीडबॉल, गवत आणि आपला रविवार

जून आला की पनवेलमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो: रविवारी सकाळी सहाला निघायचं, सोबत सीडबॉल, टोपी आणि नाश्त्याचा डबा. उपक्रम चांगला आहे, चेष्टा करायची नाहीये. पण किती गोळे फेकले याचा आकडा दरवर्षी येतो, किती उगवले याचा कधीच येत नाही. आमच्या धंद्यात कोडच्या ओळी मोजून पगारवाढ मागणारे असतात, त्यातलाच हा प्रकार :)

त्याहून मोठा आक्षेप गोळ्याच्या आत काय असतं यावर. चिंच, जांभूळ, करंज, कधी चक्क गुलमोहर. म्हणजे झाडंच. उघडा माळ दिसला की तो ओसाड, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की सरकारी नकाशेसुद्धा बरीच माळरानं पडीक जमिनीत धरत आले. माळढोक, काळवीट, लांडगा आणि मेंढपाळ ज्या गवतावर जगले, ते कुणाच्याच हिशेबात नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. सीडबॉल करायचेच तर चाऱ्याच्या गवताचे करा, आणि पनवेलच्या डोंगरावर नाही, घाटापलीकडच्या गायरानांवर न्या.

आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथे गवत न सांगता वाढतं. त्याला भीती आहे ती वणव्याची. एक्सप्रेसवे धरून पुरंदर, अहिल्यानगर, सोलापूरकडे गेलात की चित्र उलटं. पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर, आणि गायरान बारा महिने चरलं जातं. जनावर आधी चवीचं गवत खातं: पवन्या, मारवेल, शेडा. त्यांना बी धरायला वेळच मिळत नाही. शेवटी कुसळी उरते, ती पिकली की तोंडाला टोचते, मग तिलाही कुणी विचारत नाही. पुढे माती उघडी पडते आणि पहिला मोठा पाऊस ती घेऊन जातो. चांगल्या बियांचा साठाच संपलेला असतो. सीडबॉलचं खरं काम आहे ते इथे.

गवताचं बी हलकं, केसाळ. नुसतं फेकलं तर वाऱ्याने उडतं, नाहीतर मुंग्या नेतात. माती-शेणखताच्या गोळीत ते जागेवर राहतं. जपानच्या मासानोबू फुकुओकांनी (१९८८ चा मॅगसेसे पुरस्कार) ही जुनी युक्ती पुन्हा लोकांपुढे आणली. तिकडचं नाव मराठीत आणलं तर ‘मातीचा लाडू’ होईल. केनियात कोळशाच्या भुकटीत बी गुंडाळून टाकतात, झाडांबरोबर गवताचंही.

मात्र आपला लिंबाएवढा गोळा गवताला चालत नाही. चिंचोका दणकट, तो वाट काढतो. गवताचा कोंब मधेच गुदमरतो. हरभऱ्याएवढी, फार तर बोराएवढी गोळी हवी. बऱ्याच गवतांचं ताजं बी झोपलेलं असतं, म्हणून मागच्या हंगामातलं घ्यावं. सोबत स्टायलो टाकतात: शेंगवर्गातलं, जमिनीला नत्र देतं, चाऱ्यात प्रथिनं वाढवतं. कवच टणक असल्याने बी आधी गरम पाण्यातून काढावं लागतं. स्टायलो परदेशी आहे, त्यामुळे माझ्या मते ते पार उजाड गायरानापुरतंच ठेवावं. आणि कास पठारासारख्या सड्यांवर काहीच टाकू नये. चालू सिस्टीमला उगाच हात लावायचा नसतो.

आता अवघड भाग. उगवलेला कोंब पहिल्याच आठवड्यात शेळीने खाल्ला तर सगळं मुसळ केरात. हिवरे बाजारला गवत परत आलं ते गोळ्यांनी नव्हे, तर समतल चर, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीने. २००० साली तिथे सुमारे १०० टन गवत निघत होतं, २००४ पर्यंत ते ६००० टनांवर गेल्याची नोंद आहे. गुरं सोडायची नाहीत, गवत मात्र कापून न्यायचं, असा गावाचा ठराव होता.

पण चराईबंदी म्हटली की मेंढ्या कुठे जाणार? दिवाळीनंतर घाट उतरून रायगड जिल्ह्यात येणारे धनगरांचे वाडे आपण रस्त्यात गाडी थांबवून पाहतो, हॉर्न वाजवतो, फोटो काढतो. पावसाळ्यात ते ज्या माळावर परततात तोच आपण ‘पुनरुज्जीवित’ करायचा म्हणून बंद केला, तर पर्यावरणाचं बिल त्यांच्या नावावर फाडल्यासारखं होईल. म्हणून सगळं गायरान एकदम बंद करू नये. एक तुकडा दोन पावसाळे राखायचा, मग तो मोकळा करून पुढचा घ्यायचा. आणि कुठला तुकडा हे ठरवताना ग्रामसभेत धनगरही बसलेले हवेत.

असं ठरवणारं गाव सापडलं तर यंदाच्या गोळ्या तिकडे नेऊ. आणि ऑक्टोबरात परत जाऊन मीटरभर चौकटी आखून रोपं मोजू. जूनच्या ग्रुप फोटोतली निम्मी माणसं आली तरी पुरे.