ऐकूं येतें, बोलतां येत नाहीं

गेल्या आषाढांत आम्ही घाटांत अडकलों. पुढें दरड कोसळलेली, मागें मोटारींची रांग, मोबाईल मुके झालेले. आणि गाडींत आमच्या वहिनींना दम्याची उबळ येऊं लागली. औषध घरीं राहिलें होतें.

आमचा पुतण्या परवानाधारक हौशी बिनतारी-चालक असून त्याच्या मोटारींत द्विमार्गी यंत्र बसविलेलें आहे. पायथ्याच्या गांवांतील त्याच्या मित्रांचें बोलणें आम्हांस स्वच्छ ऐकूं येत होतें. परंतु याची हांक कोणासच पोहोंचेना. तो अधिकच मोठ्यानें ओरडूं लागला. आम्ही म्हटलें, "अरे, ओरडून यंत्र सुधारत नसतें. क्रमानें पाहूं."

नैयायिक ज्यास अन्वय-व्यतिरेक म्हणतात, म्हणजे एक गोष्ट असतां दुसरी असते काय व नसतां नसते काय हें पाहणें, तीच रीत येथें कामास येते. बोलण्याचें बटण दाबतांच प्रक्षेपणाचा तांबडा दिवा लागतो काय? न लागल्यास दोष बहुधा बटणांत किंवा मायक्रोफोनच्या तारेंत. लहरी पोहोंचतात पण शब्द पोहोंचत नाहींत, तर मायक्रोफोन तपासावा. जवळच्या यंत्रास थेट ऐकूं जातें, पण डोंगरावरील रिपीटर उत्तर देत नाहीं, तर रिपीटर उघडणारा सूक्ष्म स्वर चुकीचा लावला असावा.

आमचा दिवा लागला. मात्र त्याच क्षणीं यंत्रावरील आंकडे मंदावले. तेव्हां आम्हांस शाळेंत शिकविलेला ओहमचा नियम आठवला. 50 वॅटचें यंत्र ऐकतांना एक अँपिअरहूनहि कमी वीज घेतें, बोलतांना सुमारें 10. वाटेंतील सैल सांध्याचा विरोध 0.3 ओहम धरला, तर ऐकतांना 0.3 व्होल्टहूनहि कमी तूट येते. बोलतांना तीच 3 व्होल्ट होते. मग 13.8 व्होल्ट मागणाऱ्या यंत्रास 11 सुद्धां मिळत नाहींत. म्हणून कान शाबूत, वाचा बंद!

"अलीकडे काय बदललें?" असें विचारतां कळलें कीं, वैशाखांत नवी बॅटरी बसविली होती. झांकण उघडून पाहिलें, तों यंत्राच्या तारेचें टोंक सैल व हिरवट गंजलेलें! तें घांसून आवळतांच पलीकडून उत्तर आलें. तासाभरानें दोन तरुण औषध घेऊन पायींच वर आले.

आंकडे मंदावले नसते, तर एरियलकडे वळावें लागलें असतें. 145 मेगाहर्ट्झसाठीं पाव-लहरीची एरियल सुमारें 50 सेंटिमीटर असते. तिच्या सांध्यांत पाणी शिरल्यास शक्ति परत फिरते. मापकावर गुणोत्तर 1.5 पर्यंत चालतें. 3 झालें, तर पाव शक्ति परत आली असें समजावें. एरियल सुटलेली असतां बटण दाबूं नये. यंत्र जळण्याचा संभव असतो.

असो. वैशाखापासून पुतण्या रोज यंत्र ऐकत होता, पण "माझें ऐकूं येतें काय?" असें त्यानें एकदांहि कोणास विचारलें नव्हतें. ज्यांच्या घरीं असें यंत्र असेल, त्यांनीं पावसाळ्यापूर्वीं तेवढें अवश्य विचारावें.