जस्ताचे कवच आणि घाईचा रंग

नरखेड : नरखेड तालुक्याच्या संत्रा-मोसंबी पट्ट्यात सौर कृषिपंपांविषयी चर्चा होते ती पॅनेलची आणि मोटारीची. पॅनेल पेलणाऱ्या पोलादी सांगाड्याकडे फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक २०१९ मधील 'पीएम-कुसुम' आणि राज्य शासनाची २०२४ मधील 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनांचे गणित पॅनेलच्या २५ वर्षांच्या आयुष्यावर उभे आहे. पुरवठादाराची दुरुस्तीची जबाबदारी मात्र ५ वर्षांचीच. पुढील २० वर्षांत सांगाडा गंजला, तर भुर्दंड शेतकऱ्याला.

वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या सांगाड्यावर साधारण ८० मायक्रॉनचा थर अपेक्षित असतो. समुद्रापासून दूर असलेल्या या भागातील हवेत त्यातला वर्षाला जेमतेम एखादा मायक्रॉन झिजतो. म्हणजे निर्दोष सांगाड्याला रंगाची गरजच नाही. गंज शिरतो तो जागेवर पाडलेल्या छिद्रांतून, वेल्डिंगच्या सांध्यांतून, जमिनीलगतच्या ओल्या भागातून आणि नटबोल्टमधून. विजेच्या साह्याने मुलामा दिलेल्या स्वस्त बोल्टवर जस्ताचा थर बहुधा ५ ते १२ मायक्रॉन एवढाच असतो.

संत्राबागेत आणखी एक शत्रू आहे. डिंक्या रोगासाठी झाडांच्या बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावतात. तिच्यातील मोरचुदाचे तांबे जस्ताला खाते. जस्ताचा मुलामा एकसारखा आहे की नाही, हे तपासण्याची जुनी पद्धतच मुळी नमुना मोरचुदाच्या द्रावणात बुडविण्याची आहे! चुना कमी पडलेले मिश्रण खांबावर उडत राहिले, तर हीच परीक्षा बागेत नकळत सुरू होते. खांब लगेच पाण्याने धुणे हा त्यावर बिनखर्चाचा उपाय.

गंज दिसताच बाजारातून ऑइलपेंट आणून थेट फासला जातो. तो टिकत नाही. तेलयुक्त रंग आणि जस्त यांच्यात साबणासारखा थर तयार होऊन वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याआड ओल साचते. दोष रंगाऱ्याचा नसतो. जस्ताला वेगळी पूर्वतयारी लागते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. प्रथम तेलकटपणा व पांढरी भुकटी धुऊन काढावी, पृष्ठभाग पॉलिश पेपरने हलका खरवडावा, उघड्या पडलेल्या लोखंडावर जस्तयुक्त प्रायमर द्यावा. संपूर्ण भाग रंगवायचाच असेल, तर जस्तासाठी बनविलेला इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर उन्हात टिकणारा पॉलियुरेथेन रंग हवा.

छिद्रे आणि सांधे यांची ही डागडुजी उभारणीच्या दिवशीच पुरवठादाराकडून करून घेणे सर्वांत स्वस्त पडते. ते राहून गेले असल्यास ५ वर्षांची मुदत संपण्यापूर्वी गंजलेल्या जागांची छायाचित्रे जोडून लेखी तक्रार द्यावी.