वल्हे, घड्याळ आणि कॉलेजचा प्रवेश

पहाटेचे साडेपाच. बोस्टनच्या चार्ल्स नदीवर अजून धुके आहे. शाळकरी मुली १८ मीटर लांबीची निमुळती नाव खांद्यावर घेऊन धक्क्यावर येतात. आठजणी वल्ही मारणार आणि नववी, जिला ‘कॉक्स’ म्हणतात, ती सुकाणू सांभाळून हुकूम देणार. दोन तासांनी याच मुली वर्गात बसलेल्या असतील. त्यांपैकी कित्येकींच्या मनात एकच प्रश्न असतो : या वल्ह्याच्या जोरावर चांगल्या कॉलेजात जागा मिळेल का?

अमेरिकेत हा प्रश्न वेडगळ नाही. तिथल्या कॉलेजांमधली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाच मुळी नौकानयनाची होती. १८५२ साली हार्वर्ड आणि येल यांच्यात ती झाली. शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी करणारा कायदा १९७२ साली आला आणि मुलींच्या खेळांना मोठे बळ मिळाले. १९९७ पासून ‘एनसीएए’ ही कॉलेज-खेळांची संस्था मुलींच्या नौकानयनाची राष्ट्रीय स्पर्धा भरवते. मुलांचे नौकानयन मात्र तिच्या कक्षेत येत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारखी ‘आयव्ही लीग’ विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, पण प्रशिक्षकाचा पाठिंबा प्रवेशाच्या वेळी मोलाचा ठरतो. म्हणूनच आई-वडील पहाटेच्या थंडीत गाडी काढतात.

प्रशिक्षक सर्वांत आधी विचारतो तो आकडा ‘अर्ग’चा. अर्ग म्हणजे जमिनीवरचे वल्हवण्याचे यंत्र. त्यावर २००० मीटर अंतर किती वेळात कापले, ही जगभरची कसोटी. आठ मिनिटे लागली तर दर ५०० मीटरला दोन मिनिटे पडली, असा हिशेब. आता हीच मुलगी साडेसात मिनिटांवर यायचे म्हणते. ऐकायला अर्ध्या मिनिटाचा फरक, वेग वाढतो जेमतेम सात टक्के. पण त्यासाठी लागणारी शक्ती सुमारे एकवीस टक्के वाढवावी लागते, कारण शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सुरुवातीला भराभर खाली येणारा आकडा पुढे एकेका सेकंदासाठी का रडवतो, त्याचे उत्तर या गणितात आहे. मुलीचा आळस हे त्याचे कारण नव्हे.

इथेच बहुतेकजणी चुकतात. आकडा हलेना म्हणून रोज जीव तोडून वल्हवतात, दर आठवड्याला कसोटी देतात आणि महिन्याभरात थकून जातात. खरी वाढ होते ती संथ, लांब पल्ल्याच्या सरावाने. मिनिटाला अठरा ते वीस वल्ही, शेजारणीशी दोन वाक्ये बोलता येतील इतपत दम आणि तासभर सातत्य. जोराचा सराव आठवड्यातून एक-दोनदाच पुरे. वल्हे ओढताना क्रम पायांचा, मग पाठीचा, शेवटी हातांचा. परतताना बरोबर उलटा. हाताने ओढणारी लवकर दमते, कारण सर्वांत मोठे स्नायू मांड्यांचे. कसोटीच्या दिवशी पहिले ५०० मीटर वाऱ्यासारखे जाऊन पुढे ढेपाळण्यापेक्षा एकसारखा वेग राखणे केव्हाही फायद्याचे.

शरीराकडे दुर्लक्ष केले तर सगळेच मुसळ केरात. कंबरदुखी आणि बरगडीला जाणारी बारीक चीर ही या खेळाची नेहमीची दुखणी. दुखत असताना दात-ओठ खाऊन वल्हवणे म्हणजे हंगाम गमावणे. कमी वजनाच्या गटात बसण्यासाठी वाढत्या वयात उपास करणे तर त्याहून घातक. पोटभर जेवण आणि पुरेशी झोप हाही सरावच.

आकडा जमू लागला की दुसरे काम सुरू होते, पत्र लिहिण्याचे. प्रशिक्षक आपणहून शोधत येईल अशी वाट पाहू नये. मुलीने स्वतः, आईने नव्हे, आपले गुण, उंची, अर्गची वेळ आणि वल्हवतानाची छोटी चित्रफीत पाठवावी. एनसीएएच्या वरच्या श्रेणीतल्या कॉलेजचे प्रशिक्षक दहावीनंतरच्या १५ जूनपासून मुलींशी भरतीबद्दल बोलू शकतात. आकडा फुगवून सांगू नये; यंत्र पुढे खोटे पाडतेच. आणि परीक्षेतले गुण घसरले तर उत्तम वेळसुद्धा कामाला येत नाही.

निवड झाली नाही तरी दार बंद होत नाही. अनेक कॉलेजे हातात कधी वल्हे न धरलेल्या उंच, काटक मुलींनाही पहिल्या वर्षी संघात येऊन पाहू देतात. उशिरा सुरुवात करणाऱ्यांना धीर देणारे उदाहरण तर आपल्याच मातीतले आहे. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ सैन्यात भरती झाल्यावर वल्हवायला शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला.

म्हणून कॉलेज निवडताना मुलीने एकच प्रश्न स्वतःला विचारावा : उद्या दुखापतीने वल्हे सुटले, तरी इथे शिकायला आवडेल का? उत्तर ‘हो’ असेल तेच कॉलेज खरे. आणि आई-वडिलांनी? घरी आलेल्या मुलीला ‘आज किती वेळ आली?’ असे विचारण्याआधी ‘भूक लागली का?’ असे विचारावे. तिची वेळ नोंदवायला यंत्र आहेच.