'गाऊ नकोस' म्हणणारा गुरू

गुरूचं मोठेपण सांगायची आपली एक ठरलेली रीत आहे. त्याच्या शिष्यांची नावं मोजायची. अमुक त्यांच्याकडे शिकला, तमुक त्यांच्याकडे तयार झाली. यात चूक काहीच नाही. पण मला अलीकडे वाटायला लागलंय की, गुरूनं कोणाला उभं केलं याबरोबर त्यानं कोणाला वेळेवर थांबवलं हेही विचारावं. कारण शिकवणं त्या मानानं सोपं. थांबवायला धैर्य लागतं.

हे मनात आलं ते मानुएल गार्सिया या माणसाविषयी वाचताना. ऑपेराचा हा गायनशिक्षक 1805 साली जन्मला आणि 1906 साली गेला. म्हणजे एकशे एक वर्षांचं आयुष्य! ऑपेरा म्हणजे ढोबळमानानं आपलं संगीत नाटक म्हणा, पण तिथे बरेचदा संवादसुद्धा गाऊनच म्हणायचे. शिवाय माइक नाही. समोर अख्खा वाद्यवृंद वाजतोय आणि त्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. गळ्यावर किती ताण येत असेल, कल्पना करा.

गार्सियाचं घर स्पॅनिश, आणि सगळं गाण्यातलं. वडील नावाजलेले गायक. रोसिनीच्या 'बार्बर ऑफ सेव्हिल'मध्ये 1816 साली नायकाची भूमिका पहिल्यांदा त्यांनीच केली. एक बहीण मारिया मालिब्रान, दुसरी पोलीन व्हियार्दो, दोघींची नावं युरोपभर गाजली. 1825 मध्ये वडील सगळं बिऱ्हाड घेऊन न्यूयॉर्कला गेले आणि तिथे इटालियन ऑपेरा उभा केला. आई, वडील, बहीण, भाऊ सगळे एकाच रंगमंचावर! आपल्याकडच्या जुन्या नाटकमंडळ्यांचीच आठवण व्हावी. मानुएल तेव्हा वीस वर्षांचा. पण अशा घरातल्या या मुलाचा आवाज ताणानं खचला आणि ऐन तारुण्यात त्याला रंगमंच सोडावा लागला.

अशा वेळी माणूस कडवट होतो, नाही तर नशिबाला दोष देत बसतो. हा शिकवायला लागला. आणि शिकवता शिकवता आवाज मुळात निघतो कसा, बिघडतो कसा, याच्या मागे लागला.

1841 साली पॅरिसमध्ये त्याच्याकडे स्वीडनची जेनी लिंड आली. वय वीस. लहानपणापासून स्टॉकहोमच्या रंगमंचावर वाढलेली, तिथे तिचं मोठं नाव झालेलं. पण सततच्या प्रयोगांनी आवाज थकला होता, घोगरा झाला होता. तिनं गाऊन दाखवलं. गार्सियानं स्पष्ट सांगितलं की, हा आवाज झिजलाय, या स्थितीत शिकवून उपयोग नाही. सहा आठवडे गायचं नाही, आणि बोलायचंही शक्य तितकं कमी. मग या, बघू.

जरा विचार करा. देश सोडून, नाव कमावून आलेली मुलगी. दुसरा एखादा म्हणाला असता, या उद्यापासून, करू काहीतरी. आपली शिष्या म्हणून मिरवायलाही बरं. हा नको म्हणाला. तीही मुलगी खमकी, सहा आठवडे गप्प राहून परत आली. मग आठवड्याला दोन धडे, अगदी सुरुवातीपासून. श्वास कसा घ्यायचा, स्वर कसा लावायचा. दुसऱ्या वर्षी ती घरी परतली आणि पुढे 'स्वीडिश नाइटिंगेल' म्हणून युरोप-अमेरिकेत गाजली. 1883 मध्ये लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक सुरू झालं, तेव्हा ती स्वतः तिथे गायनाची प्राध्यापिका झाली.

गार्सियाचा शोध तिथे संपला नाही. 1854 साली त्यानं लांब दांडीचा दंतवैद्याचा छोटा आरसा घेतला, वाफ धरू नये म्हणून गरम पाण्यात बुडवला आणि स्वतःच्या घशात पडजिभेपाशी धरला. दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन टाकलं. आणि स्वतःचे स्वरतंतू त्याला दिसले! श्वास घेताना उघडणारे, गाताना मिटणारे. पुढच्याच वर्षी त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. काही वर्षांत व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी ही युक्ती उचलली आणि घशाच्या आजारांची नवी विद्याच उभी राहिली. त्याच्या शंभराव्या वाढदिवसाला, 17 मार्च 1905 रोजी, त्याला मान द्यायला गवयांच्या जोडीनं घशाचे डॉक्टरही लंडनमध्ये जमले होते.

तो आरसा आम्हा शिक्षकांच्या चांगल्या ओळखीचा. साठ-साठ मुलांचा वर्ग, बाहेर रस्ता, शेजारच्या वर्गात पाढे चाललेले. वर्षाकाठी एकदा तरी घसा बसायचाच. डॉक्टर कपाळाला गोल आरसा लावायचे, छोटा आरसा ज्योतीवर किंचित तापवून घशात धरायचे आणि म्हणायचे, "बाई, आठ दिवस मौन." घरी पाटीवर लिहून स्वयंपाकाचं सांगायचं! हल्ली कॅमेऱ्याची दुर्बीण आलीय. पण ही वाट एका गाणं सुटलेल्या गायनशिक्षकानं दाखवली, हे मला उशिरा कळलं.

आता मुद्द्यावर येते. आज टीव्हीवर आठ-दहा वर्षांची मुलं मोठ्यांची गाणी मोठ्यांच्या पट्टीत गातात. आई-बाप डोळे पुसतात, आपणही पुसतो. आवाज फुटायच्या वयातल्या मुलाला कार्यक्रमामागून कार्यक्रम. कोणी म्हणेल, संधी दारात आलीय, ती काय थांबणार आहे? खरं आहे, गरिबाघरच्या पोराला ती एकदाच मिळते. त्या आई-बापांना मी नावं ठेवणार नाही. पण गळाही एकच मिळतो, हेही तितकंच खरं. म्हणून हा निरोप त्यांना नव्हे, तर त्यांच्या गायनशिक्षकांना आहे. मुलाचा स्वर घोगरा लागला, वरचा स्वर ताणून काढावा लागला की, 'या वर्षी स्पर्धा नाही' हे तुम्हीच म्हणायला हवं. शिष्य नाराज होईल, पालक दुसरा क्लास बघतील. बघू देत.

गार्सिया लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये 1848 पासून 1895 पर्यंत शिकवत होता. सत्तेचाळीस वर्षं! इतक्या वर्षांत त्यानं किती जणांना शिकवलं, याचा हिशोब शोधला तर सापडेलही. किती जणांना 'थोडं थांब' म्हटलं आणि किती गळे वाचवले, याची नोंद कोण ठेवणार?

असो. तुमच्या ओळखीत असं 'थांब' म्हणणारे कोणी गुरुजी किंवा बाई असतील, तर त्यांच्याविषयी जरूर लिहा. वाचायला आवडेल.