बोट लागते त्यांच्यासाठी

मराठीत या त्रासाला फार नेमका शब्दप्रयोग आहे. कोणाला गाडी लागते, कोणाला बोट लागते. ऊन लागावे, थंडी लागावी, तशीच बोटही बाहेरून येऊन लागते; ज्याला ती लागली त्याचा त्यात काही कमीपणा नाही, हे भाषेने केव्हाच मान्य केले आहे. इंग्रजीत मळमळीला ‘नॉशिया’ म्हणतात. तो शब्दही मुळात जहाजावरूनच आला. ग्रीक भाषेतील ‘नाउस’ आणि आपली ‘नौका’ एकाच कुळातल्या. ब्रिटिश नौसेनापती नेल्सन यांना समुद्रावर इतकी वर्षे काढूनही बोट लागत असे. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ ही पाच वर्षे ‘बीगल’ जहाजाच्या सफरीवर होते, पण समुद्राने त्यांना अखेरपर्यंत छळले. असे असूनही सहलीच्या बोटीवर आपल्यापैकी कोणाला उमासे येऊ लागले, की तो माणूस सर्वप्रथम ते लपवू पाहतो.

साध्या जलविहारात ही लपवालपवी फारशी महागात पडत नाही. पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरायचे असेल, तर मात्र ती जिवावर बेतू शकते. पावसाळा सरला की मालवण-तारकर्लीला आणि कर्नाटकातील मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला जाणाऱ्या कुटुंबांची संख्या अलीकडे वाढली आहे. म्हणून या वेळच्या लेखात बोट लागणे आणि बोटीवरचा थकवा यांचा विचार करू.

बोट लागते म्हणजे नेमके काय होते? आपल्या अंतःकर्णात तोल सांभाळणारी एक सूक्ष्म यंत्रणा आहे. लाटेवर बोट वरखाली झाली, की ती मेंदूला ‘आपण हलत आहोत’ असे कळवते. त्याच वेळी डोळे समोरच्या बाकावर किंवा हातातल्या भ्रमणध्वनीवर खिळलेले असतील, तर ते ‘सारे स्थिर आहे’ असे सांगतात. या दोन साक्षी जुळत नाहीत आणि त्या गोंधळातून घाम, जांभया, फिकटपणा, मळमळ व शेवटी ओकारी अशी मालिका सुरू होते. ज्यांच्या अंतःकर्णातील ही यंत्रणा पूर्णपणे निकामी झालेली असते, त्यांना बोट लागत नाही. दोन वर्षांखालील बालकांना हा त्रास क्वचितच होतो; दोन ते बारा या वयात तो सर्वाधिक आढळतो. समुद्रावर सलग दोन-तीन दिवस राहिल्यास बहुतेकांचे शरीर रुळते. पण एका दिवसाच्या सहलीत तेवढी सवड मिळत नाही, म्हणून तयारी आधीच करावी लागते.

ती तयारी आदल्या दिवशी सुरू होते. पुण्याहून किंवा सांगलीहून रात्रीच्या गाडीने निघायचे, घाटातल्या वळणांवर अर्धवट झोप काढायची आणि सकाळी मालवणला उतरून थेट बोटीत बसायचे, असा बेत अनेक जण आखतात. अशा वेळी बोट सुटण्यापूर्वीच शरीर थकलेले असते. शक्य असल्यास एक रात्र किनाऱ्यावर पुरेशी झोप घेऊन दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरावे.

पोट रिकामे नको आणि भरगच्चही नको. निघण्यापूर्वी तास-दीड तास मऊ इडली, केळे, खाकरा असे हलके व कमी तेलाचे काही खावे आणि घोट-घोट पाणी पीत राहावे. नवकारसीचा नियम पाळणाऱ्यांना सूर्योदयानंतर ४८ मिनिटे थांबावे लागते आणि कित्येक बोटी सकाळी लवकरच सुटतात. उपाशीपोटी घाईने बोट गाठण्यापेक्षा, नोंदणी करतानाच बोलून थोडी उशिराची फेरी मागून घ्यावी. तारीख ठरवताना अष्टमी-चतुर्दशीही पाहून ठेवावी. उपवासाच्या दिवशी, विशेषतः पाणीही वर्ज्य असताना, पाण्याखाली उतरू नये. कारण पुढे येईलच.

आल्याचा उपाय सर्वांना ठाऊक असतो. पण कंदमूळ म्हणून अनेक घरांत ओले आले घेत नाहीत. त्यांपैकी ज्यांना सुंठ चालते, त्यांनी ती चिमूटभर घेऊन पाहण्यास हरकत नाही. काही चाचण्यांत तिचा थोडा उपयोग दिसला आहे, काहींत दिसलेला नाही; तेव्हा अपेक्षा माफक ठेवावी. गोळ्यांचे गणित वेगळे आहे. मळमळीवरील बहुतेक गोळ्या त्रास सुरू होण्यापूर्वी घेतल्या तरच नीट लागू पडतात आणि त्यांतील बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. पाण्याखाली गुंगी परवडणारी नसते. म्हणून गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, ‘मी पाण्याखाली उतरणार आहे’ हे त्यांना स्पष्ट सांगावे आणि सहलीच्या आधी एखाद्या सुटीच्या दिवशी घरीच घेऊन तिचा परिणाम पाहावा. बोटीवर शेजाऱ्याने पुढे केलेली अनोळखी गोळी नम्रपणे नाकारावी.

बोटीत बसताना जागा मधली निवडावी. पुढचे टोक लाटांवर सर्वांत जास्त आपटते आणि मागे इंजिनाचा धूर येतो. नजर दूर क्षितिजावर किंवा किनाऱ्यावर ठेवावी. भ्रमणध्वनी पिशवीत राहू द्यावा. मुरुडेश्वरहून नेत्राणीपर्यंतचे अंतर सुमारे १९ किलोमीटर आहे आणि ते कापण्यास साधारण दीड तास लागतो. या वाटेवर वारा तरी अंगावर येत असतो. खरी परीक्षा नांगर टाकल्यावर होते. थांबलेली बोट लाटांवर नुसती डोलत राहते, वर ऊन असते आणि नेमक्या त्याच वेळी खाली वाकून पट्टे बांधायचे असतात. आपले साहित्य शक्यतो किनाऱ्यावरच तपासून जुळवून ठेवावे, म्हणजे हे वाकणे टळते. उलटी होणारच असे वाटले, तर खालच्या बंदिस्त शौचालयात जाऊ नये. खलाशाला सांगून, कोणाचा तरी हात धरून, वारा पाठीशी राहील अशा कठड्याजवळ जावे.

‘खाली गेले की बरे वाटते,’ असे अनुभवी पाणबुडे सांगतात आणि त्यात तथ्य आहे. लाटेची हालचाल खोलीबरोबर मंदावत जाते. तथापि हे वाक्य सौम्य मळमळीपुरतेच खरे मानावे. पाण्याखाली उलटी झाल्यास तोंडातील रेग्युलेटर काढायचा नसतो; तो दातांत धरून त्यातूनच उलटी होऊ द्यायची आणि बटण दाबून तो साफ करायचा, असे प्रशिक्षणात शिकवतात. पहिल्यांदाच उतरणाऱ्या माणसाला त्या क्षणी हे आठवेल, याची हमी कोण देणार? घाबरून त्याने रेग्युलेटर काढला तर नाकातोंडात पाणी जाते. श्वास रोखून तो झपाट्याने वर आला तर फुप्फुसांना इजा होऊ शकते. ज्याला बोटीवरच ओकाऱ्या होत आहेत किंवा घेरी येत आहे, त्याने त्या दिवशी खाली जाऊ नये.

आता थकव्याकडे वळू. पाण्याखाली माणूस तरंगत असतो, मग इतका शिणतो कशाने? एक तर पाणी शरीरातील उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. आपल्या कोमट समुद्रातही हे घडते. दुसरे, पाण्याच्या दाबाने हातापायांतील रक्त छातीकडे सरकते. त्यामुळे शरीरात पाणी जास्त झाले असा समज होऊन मूत्रपिंडे अधिक लघवी तयार करतात. तिसरे, सिलिंडरमध्ये असते ती दाबून भरलेली साधी हवा, आणि ती अतिशय कोरडी असते. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर शरीरातील ओलावा बाहेर पडतो. त्यात उलट्या आणि ऊन यांची भर पडली, की पाणी झपाट्याने कमी होते. शरीरातील पाणी घटले असता वर आल्यावर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो, असे या क्षेत्रातील वैद्य मानतात. उपवासाच्या दिवशी उतरू नये, ते यासाठीच.

वर आल्यावर ओले कपडे ताबडतोब बदलावे, सावलीत बसावे, पाणी किंवा क्षार-संजीवनी थोडी थोडी घ्यावी. दुसऱ्यांदा उतरायचे असेल तर पैशांचा हिशेब बाजूला ठेवून आधी शरीराला विचारावे. साधा शीण विश्रांतीने जातो. न जाणारा, अस्वाभाविक थकवा आणि त्याच्या जोडीला सांधेदुखी, मुंग्या किंवा त्वचेवर चट्टे दिसले, तर ते सहलीचे श्रमच आहेत असे गृहीत धरू नये. लगेच प्रशिक्षकाला व डॉक्टरांना कळवावे. एकदाच उतरल्यास किमान १२ तास आणि अनेकदा उतरल्यास किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा संकेत आहे. घाट चढतानाही हे ध्यानात असावे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. दिवसभर पुनःपुन्हा खोल उतरलेल्यांनी त्याच संध्याकाळी घाट चढण्याऐवजी मुक्काम करावा.

शेवटी घरातील वडीलधाऱ्यांना एक विनंती. स्कूबाच्या जगात एक चांगला नियम आहे : कोणीही, कोणत्याही क्षणी, कारण न देता ‘मी उतरत नाही’ असे म्हणू शकतो आणि त्याला त्याबद्दल कोणी बोल लावीत नाही. आपल्या कुटुंबांत हा नियम पाळणे अवघड जाते. ‘एवढे पैसे भरले आहेत’, ‘धाकटी उतरली, तू का घाबरतोस’, अशी वाक्ये सहज तोंडून जातात आणि मळमळणारा मुलगा मुकाट्याने पट्टे बांधू लागतो. भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, हे खरे. पण त्या पैशांसाठी त्याला खाली पाठवणे हा त्याहून वाईट व्यवहार आहे. पाण्याखाली प्रत्येकाच्या सोबत जोडीदार असतो आणि एकाची तब्येत बिघडली की दोघेही अडचणीत येतात. म्हणून बोट सुटण्यापूर्वीच मुलांना, सुनांना, आजोबांना सांगून ठेवावे : ‘बरे वाटले नाही तर लगेच सांगा, आपण बोटीवरच बसू.’ समुद्र पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.