अंगणातली कण्हेर

तलवाड्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण, तिथे बाग कसली? म्हणून मागच्या अंगणात आम्ही कण्हेर लावली होती. पाणी कमी लागतं, शेळ्याही तोंड लावत नाहीत. का लावत नाहीत, हा विचार मात्र केला नाही. एक दिवस मुलीनं पाखरांना हिरवा पाला म्हणून तिचीच पानं पिंजऱ्यात खोचली. संध्याकाळपर्यंत दोन पाखरं गेली. कण्हेरीचं पान, फूल, फांदी सगळंच विषारी. थेट हृदयावर घाला.

मुळासकट उपटली आणि पावसाळ्यात तिथे राळा पेरला. बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळणारी आमची ही पाखरं मूळची ऑस्ट्रेलियाची, पण राळ्याच्या कणसावर तुटून पडतात. दाणा दुधात असताना कणीस कापून पिंजऱ्यात टांगायचं. घोळीची भाजी, शेवग्याचा कोवळा पालाही खातात. फवारलेलं काही देऊ नये. वजूचं पाणी नालीत जायचं, ते शेवग्याकडे वळवलं.

मुलीला आता पोपटही हवा होता. पण देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हे तिला समजावलं. थोडी रुसली.

राळा पिकला तशा चिमण्या उतरल्या. आम्ही हाकलायला उठलो, तर दादी म्हणाल्या, “बसा. आपण लावलेलं पाखरानं खाल्लं तर तो सदका असतो, हदीस विसरलात?” निम्मी कणसं चिमण्यांनीच नेली. यंदा दोन तास जास्त पेरलेत.