बिनतारी जाळ्याची अरुंद वाट
सायबर हल्ल्याचा पूर शहराला अडवतो. शहापूर-मुरबाडला मात्र त्याचा एक ओहोळही पुरेसा

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील दोन डोंगराळ तालुके. भातसा आणि तानसाचे पाणी शहापुरातून मुंबईला जाते, तर माळशेज घाटाची वाट मुरबाडमधून. महानगराच्या इतक्या जवळ असूनही येथील अनेक पाड्यांचा इंटरनेटशी संबंध येतो तो मोबाइलच्या मनोऱ्यामार्फतच. रेशन दुकानातील ई-पॉस यंत्रावर अंगठ्याची ओळख पटवायची तरी सिग्नल लागतो. त्यामुळे शहरात गैरसोय ठरणारा 'डिनायल ऑफ सर्व्हिस' हल्ला, म्हणजेच सेवा ठप्प पाडणारा हल्ला, येथे धान्याच्या पिशवीपर्यंत पोहोचू शकतो.

या हल्ल्यात माहितीची चोरी होतेच असे नाही. खोट्या मागण्यांचा भडिमार करून वाट अडवली जाते आणि खरा ग्राहक ताटकळतो. जुलै २०१६ मध्ये मुंबई परिसरातील इंटरनेट पुरवठादारांवर असाच हल्ला झाला. त्याचा वेग सेकंदाला सुमारे २०० गिगाबिट असल्याचे तेव्हाच्या वृत्तांत म्हटले होते. पोलिसांनी गुन्हाही नोंदवला.

या आकड्याचा ग्रामीण अर्थ वेगळा आहे. सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेणारी एखादी बिनतारी जोडणी तुंबवायला त्या पुराचा दोन हजारावा हिस्साही पुरतो. शिवाय बिनतारी जाळ्यात हवा ही सर्वांची सामाईक वाट असते. वाय-फायच्या एका वाहिनीवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. दोघे एकदम बोलले तर संदेश आदळतात आणि पुन्हा पाठवावे लागतात. माहितीची पुडकी हरवू लागली की गर्दी झाली असे समजून संगणक स्वतःहून वेग कमी करतात. परिणामी सेवा पूर्ण बंद पडण्याआधीच ती निरुपयोगी होते. सिग्नलच्या रेघा दिसतात, पण व्यवहार पूर्ण होत नाही.

बिनतारी जाळे अडवायला पूर आणावाच लागतो असेही नाही. जुन्या वाय-फाय पद्धतीत 'जोडणी तोडा' हा संदेश खरोखर यंत्रचालकाकडूनच आला का, याची तपासणी होत नसे. तो खोटा पाठवून कोणालाही बाहेर काढता येई. यावरील संरक्षणाचे मानक २००९ मध्ये आले आणि २०१८ च्या डब्ल्यूपीए-३ मध्ये ते सक्तीचे झाले. परंतु जुनी यंत्रे अद्याप वापरात आहेत.

यात अजाणतेपणाचाही वाटा असतो. सिग्नल क्षीण असलेल्या भागात विनापरवाना 'बूस्टर' बसवले जातात. एका घरात सिग्नल वाढतो, पण त्याच्या गोंगाटाने मनोऱ्यावरील इतरांची सेवा बिघडते. असे यंत्र बसवणे बेकायदा असल्याचे दूरसंचार विभागाने वेळोवेळी बजावले आहे. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे अनेक मोडेम घातक सॉफ्टवेअरमुळे निकामी झाले, त्याचे मूळही साधे होते: कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहिला होता. अशीच दुर्लक्षित यंत्रे हल्लेखोरांच्या फौजेतही भरती होतात.

कायदा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ व ६६ नुसार अशा कृत्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मात्र हल्ला अनेक देशांतील यंत्रांवरून होत असल्याने सूत्रधारापर्यंत पोहोचणे अवघड असते. म्हणून खरा उपाय बंदोबस्ताचा आहे. पुरवठादाराने खोटी रहदारी मनोऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच गाळली पाहिजे. सरकारी केंद्रांतील जुने राउटर बदलले पाहिजेत. रेशन दुकानाला दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड हाताशी हवे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न प्रशासनाचा आहे. शहरात एक जोडणी तुटली तर माणूस दुसरी वापरतो. पाड्यावरची बाई अंगठा जुळला नाही म्हणून डोंगर उतरून पुन्हा येते आणि तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. सेवा ऑनलाइन करताना ती बंद पडली तर धान्य नोंदवहीवर द्यायचे की नाही, याचे उत्तर दुकानदाराकडे आधीच असायला हवे. जाळे कोणी तोडले याचा तपास नंतर होत राहील. त्या दिवशीचे धान्य थांबता कामा नये.